न बांधलेल्या तलावाचं पाणी

सोमवार, ६ ऑक्टोबर

पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण रोजची नोंद ठेवावी असं कधी वाटलं नाही. आज वाटलं. वीज मंडळाच्या नियोजन कक्षात आज रुजू झाले. कक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, एक न उघडणारी खिडकी आणि साहेब. साहेब दिवसभरात अकरा शब्द बोलले. मी मोजले. त्यातले सात असे होते: "वीज केंद्र बंद केलं तर किती साठवण?"

हाच माझा प्रश्न. हेच माझं काम. आपल्या बेटाला मुख्य भूमीकडून तार नाही. साठ वर्षं कोळशाच्या केंद्रातले दोन संच आपल्याला वीज देतायत. आता डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या झाल्या, मिठागरांच्या कडेनं सौर पॅनल झाले, आणि मार्चमध्ये केंद्र बंद करायचं ठरतंय. मग वारा नाही, ऊन नाही अशा वेळी काय? साठवलेली वीज. ती किती तासांची हवी हे मी १२ नोव्हेंबरच्या बैठकीत सांगायचं. त्यासाठी सगळं बेट कॉम्प्युटरवर आकड्यांत उभं करायचं.

संध्याकाळी चहाला बाबांना सांगितलं. बाबा चौतीस वर्षं त्याच केंद्रात होते, शेवटची वीस शिफ्टचे प्रमुख म्हणून. मी भडाभडा बोलले. ते खिडकीबाहेर बघत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "बिस्किटं संपली का गं?"

कळलं. पोटच्या पोरीनंच केंद्राला कुलूप लावायचं. पचायला वेळ लागणार.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मॉडेल म्हणजे काय, असं आमच्या चष्मेवाल्यानं (नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे घरात त्याचं हेच नाव) विचारलं. मी म्हटलं, "आपल्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आण. नळाला येईल तेव्हा पाणी येतं. आपण हवं तेव्हा वापरतो. आलं जास्त तर टाकी भरते, आलं कमी तर उतरते. टाकी केवढी हवी? असा हिशोब वर्षाच्या प्रत्येक तासाला करायचा. आठ हजार सातशे साठ वेळा."

"आणि नळ म्हणजे वारा?"

"वारा आणि ऊन."

"मग तो नळवाला फार लहरी आहे," तो म्हणाला. हुशार आहे माणूस. काच पुसता पुसता मुद्द्याचं बोलतो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

अकरा तास!!

अकरा तासांची बॅटरी बसवली की वर्षभर एकही दिवा विझत नाही. सल्लागार कंपनीनं दिलेलं 'नमुना वर्ष' घेतलं, म्हणजे बऱ्याच वर्षांची सरासरी काढून तयार केलेलं वर्ष. त्यावर मॉडेल चालवलं, एकवीस वेळा चालवलं. दर वेळी अकरा. साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि म्हणाले, "छान." माझ्या हिशोबानं हा त्यांचा भाषणाचा प्रकार असावा.

घरी उड्या मारतच आले. बाबा टीव्ही लावून बसले होते, आवाज इतका की जिन्यातच बातम्या कळल्या. दारातून ओरडून सांगितलं, "बाबा, अकरा तास! अकरा तासांत काम झालं!" मान वळवली नाही की हूं नाही की चूं नाही. मला रडूच आलं. स्वयंपाकघरात चष्मेवाला म्हणाला, "बाबांना कुणाला तरी दाखवून आणूया का?"

"दाखवायला काय झालंय? दुखणं मनाचं आहे. त्याला डॉक्टर काय करणार."

तो कोथिंबीर निवडत राहिला.

शनिवार, १ नोव्हेंबर

विजेच्या मागणीचे जुने आकडे पडताळायला केंद्रात गेले. सध्याच्या शिफ्ट प्रमुखांना सगळे 'भट्टी' म्हणतात. रंग तांबूस, आणि डोकं तापायला वेळ लागत नाही. दारातच म्हणाले, "या बाई. मोजायला आलात की मोडायला?"

"सध्या मोजायला."

"मोजा. कसाईसुद्धा आधी बकरा जोखतोच."

मग दोन संचांच्या मधून चालत नेलं. बाप रे, तो आवाज! छातीच्या फासळ्या वाजतात. भट्टी काय बोलत होते ते शून्य कळलं. तिथली माणसं सगळी हातानंच बोलतात. दोन बोटं वर, तळवा खाली, मूठ, अंगठा. बाबाही घरी असे हातवारे करतात. मला वाटायचं, लकब असेल.

बाहेर आल्यावर पाच मिनिटं माझ्या कानांत शिट्टी वाजत होती.

रविवार, २ नोव्हेंबर

आज हट्टाला पेटले. तोंडी बोललेलं ऐकायचं नसेल तर लेखी घ्या म्हटलं. बारा महिन्यांचे बारा कागद छापून आणले होते, ते दिवाणखान्याच्या भिंतीवर एकापुढे एक चिकटवले. निळी रेघ वारा, पिवळी ऊन, काळी मागणी, हिरवी बॅटरी. बाबांना हाताला धरून समोर उभं केलं.

बाबांनी चष्मा लावला. जानेवारीपासून चालायला लागले. एकेक कागदाशी थांबत, बोटानं रेघ चाचपत. डिसेंबरपर्यंत जाऊन परत जानेवारीला आले. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "हे वर्ष कुठलं?"

"नमुना वर्ष."

"कुठलं?"

पेननं लिहिलं: सरासरी.

"सरासरी वर्षात कुणी राहत नाही, पोरी," बाबा म्हणाले. "धूर सरळ असायचा ते दिवस कुठे आहेत यात?"

मग महिन्याभरात बोलले नसतील तेवढं बोलले. केंद्राच्या चिमणीची काजळी इस्पितळाच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायची. धुलाईखान्याच्या मुख्य बाई भांडायला आल्या आणि थेट कोर्टात गेल्या. तेव्हा आदेश निघाला, दर तासाला धुराची नोंद करायची. 'आडवा' म्हणजे जोराचा वारा, 'तिरका' म्हणजे मध्यम, 'सरळ' म्हणजे पानही हलत नाही. शिवाय धुक्यामुळे बंदराचे दिवे दिवसा लावावे लागले तर 'दिवसा दिवे' अशी वेगळी नोंद.

"किती वर्षं लिहिलंत?" कागदावर विचारलं.

"एकतीस. वह्या तिथेच असतील, उंदरांनी सोडल्या असतील तर."

मी वेडी झालेय. एकतीस वर्षांचा वारा एका चिमणीनं मोजून ठेवलाय!

गंमत म्हणजे कागदावर दिलं की बाबा खुलतात. तोंडी दिलं की मख्ख. सरकारी माणूस. लेखी अर्जाशिवाय हलत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

भट्टींनी वह्या काढून दिल्या. धूळ झटकताना म्हणाले, "यातून आमच्या बाजूनं काही निघालं तर सांगा. नाही निघालं तर वह्या परत करा." बाबांचं टपोरं अक्षर लगेच ओळखलं. सरळ. सरळ. तिरका. सरळ.

आधी धुराला आकडे दिले. बाबांनंतरही धुराची नोंद चालूच आहे, आणि गेल्या तीन वर्षांत पवनचक्क्याही होत्या, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. 'सरळ' लिहिलंय तेव्हा चक्क्या जवळजवळ थांबलेल्या. 'आडवा' तेव्हा पुरत्या जोरात. कोर्टाच्या भीतीनं का होईना, माणसांनी प्रामाणिकपणे लिहिलंय!

मग हिवाळे शोधले. एका जानेवारीत सलग नऊ दिवस 'सरळ' आणि त्यातले आठ दिवस 'दिवसा दिवे'. ते नऊ दिवस मॉडेलमध्ये घातले.

अकरा तासांची बॅटरी दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी. पुढचे आठ दिवस काळोख. इस्पितळ, पाण्याचे पंप, सगळं.

सरासरीनं मला फसवलं. घरात एक जण उपाशी आणि एक जण तुडुंब जेवलेला असला तरी सरासरीत दोघंही जेवलेलेच. आणि मी गणिताची बाई! मुलांना हेच उदाहरण द्यायचे.

लाज वाटतेय. पण खरं सांगायचं तर, लाजेपेक्षा मजा जास्त वाटतेय. हे इतक्या वर्षांत कुणालाच दिसलं नव्हतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

धुराच्या वह्या घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. "अकरा तास चूक आहे."

"कोण म्हणतं?"

"मी."

त्यांनी एकेक वही चाळली. मला वाटलं, आता शाळेत परत. मग म्हणाले, "आणि वह्या कुणाच्या?"

"माझ्या वडिलांच्या."

"लोक म्हणतील, बापाचं केंद्र वाचवायला लेकीनं आकडे फिरवले."

"म्हणतील."

"फिरवलेत का?"

"नाही." आवाज नको तितका चढला.

साहेबांनी फोन उचलला, बैठक जानेवारीअखेरपर्यंत पुढे ढकलली, आणि डबा उघडून जेवायला लागले. माझ्यावर भयंकर चिडले असणार. जाताना माझ्या टेबलावर नवीन, मोठा मॉनिटर ठेवलेला दिसला. बहुधा दुसऱ्या कुणाचा असेल, चुकून ठेवला असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

बॅटरी पंधरा पट करून पाहिली. पुरते, पण वर्षातले साडेतीनशे दिवस नुसती बसून राहते. पाहुणे वर्षातून एकदाच येतात म्हणून रोज चाळीस पातेली घासायची का?

बाबांना कागदावर लिहिलं: नऊ दिवस कसे काढायचे? त्यांनी खाली लिहिलं नाही, बोलले.

"आम्ही कसे काढायचो? केंद्राच्या मागे कोळशाचा ढीग असायचा, दीड महिना पुरेल एवढा. बोट आली नाही तरी फिकीर नाही. केंद्र म्हणजे काय नुसतं बॉयलर आणि चिमणी? खरं केंद्र म्हणजे तो ढीग. तुझ्या वाऱ्याकडे सगळं आहे, ढीग नाही."

मी ताडकन उठले. ढीग! कोळशाच्या केंद्राला साठवण लागत नाही असं आपण म्हणतो. खोटं. ती अंगणात पडलेली असते म्हणून दिसत नाही.

तर मला ढीग शोधायचाय. कशाचा? जड, स्वस्त, उंचावर ठेवता येईल असा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाणी!

डोंगरावरची दगडाची खाण. वीस वर्षं बंद. शाळेची सहल घेऊन मीच गेले होते तिथे, पोरांना कठड्यापासून लांब हाकलत. खाली समुद्र, वर खाण, मध्ये तीनशे मीटरची उतरण. वारा जास्त असेल तेव्हा समुद्राचं पाणी पंपानं वर चढवायचं, वारा पडला की खाली सोडायचं आणि वीज काढायची. बॅटरी दिवसाचं ऊन संध्याकाळपर्यंत नेईल, खाण एका आठवड्याचा वारा दुसऱ्या आठवड्यात नेईल. बॅटरी म्हणजे खिसा, खाण म्हणजे कोठार.

जिन्यात साहेब भेटले. मी सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "श्वास घ्या."

शुक्रवार, १२ डिसेंबर

महिना कसा गेला कळलं नाही. एकतीस वर्षं, तासातासानं, अकराच्या जागी सात तासांची बॅटरी आणि काठोकाठ भरलेली खाण. निकाल: तीस वर्षं एकही दिवा विझत नाही. फक्त त्या नऊ दिवसांच्या वर्षी शेवटी अकरा तास कमी पडतात.

म्हणजे खाण झाली की केंद्र नको. माझ्या मॉडेलनंच ते सिद्ध केलं, आणि बाबांच्या वह्यांनी. वह्यांतून त्यांच्या केंद्राला जीवदान मिळेल असं त्यांना वाटलं असणार. खाण व्हायला दोन वर्षं लागतील, तोवर एक संच सज्ज ठेवावा लागेल, एवढंच काय ते. हे सगळं स्वच्छ लिहून त्यांच्या हातात दिलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळानं मागे आले. "दोन हिवाळे?"

मान हलवली.

"ठीक. चुलीवरचं उतरवायचं तर आधी दुसऱ्या चुलीवर चढलेलं असावं." आणि मग, "माझं अक्षर लागलं का गं सगळीकडे?"

लागलं बाबा. प्रत्येक तास.

साहेबांना मात्र अजून काळजी. "तुमच्यावर कुणी विश्वास ठेवायचं कारण नाही," ते म्हणाले. किती कठोर! पुढे म्हणाले, "म्हणून उघडपणे करा." म्हणजे असं: खाण बांधलेलीच आहे असं धरायचं. खरी वीज नेहमीसारखी केंद्रातूनच जाईल. पण ऑफिसच्या तळमजल्यावरच्या दालनात, सगळ्यांसमोर, फळ्यावर दर तासाला खाणीचं पाणी लिहायचं. चक्क्या आणि पॅनल खरे, मागणी खरी, खाण तेवढी मनातली. बैठकीपर्यंत.

रविवार, ११ जानेवारी

काल संध्याकाळी सहाला वारा पडला. धुकं इतकं की समोरची इमारत गायब. आज सकाळी भट्टींचा फोन: "बाई, धूर सरळ."

महिनाभर फळ्यावर खाण नव्वदच्या आसपास डुलत होती, कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता खरी परीक्षा. फळ्यावर जुन्या अकरा तासांच्या बॅटरीचीही एक रेघ ठेवली होती. सकाळी सव्वानऊला ती शून्याला टेकली. तिथे काळा ठिपका काढला. माझ्याच चुकीचा ठिपका.

खाण: ८९ टक्के.

मंगळवार, १३ जानेवारी

खाण ६१. वारा नाही. नव्या जोडणीच्या अर्जासाठी रांगेत आलेली माणसंही फळ्यासमोर थांबायला लागली. एका आजोबांनी विचारलं, "हे पाणी कुठे आहे?" ऑफिसचा लिफ्टवाला म्हणाला, "कुठेच नाही." "मग कमी कसं होतंय?" लिफ्टवाल्यानं त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. मला इतकं सोपं कधी सांगता आलं नसतं.

गुरुवार, १५ जानेवारी

३७. हे काय चाललंय! केंद्रातली माणसं, ज्यांची नोकरी या फळ्यानं जाणार, तीच दर तासाला आकडा कळवताना विचारतात, "बाई, आपली खाण किती?" आपली! दुपारी भट्टी स्वतः वही घेऊन आले. मी म्हटलं, "तुम्हाला तर खाण आटलेली हवी असेल."

ते डोकं खाजवत म्हणाले, "तसंच वाटायचं. पण आकडे आम्हीच देतोय ना. आपण वाढलेलं ताट सांडावं असं कुणाला वाटतं?" मग विचारलं, "आमचे थोरले साहेब, तुमचे बाबा, कसे आहेत? बोलताना उजवीकडून बोलता ना? डावा कान त्यांचा केंद्रात असतानाच गेला होता. दोन नंबरच्या संचाकडचा कान. आता उजवाही उतरला असेल. आमचे सगळ्यांचेच उतरतात."

मी खुर्चीत बसले.

आठ हजार सातशे साठ तासांत कुठे कमी पडतंय ते शोधत होते. आणि ज्या माणसाशी रोज चहा पिते त्याच्याकडे माझं बोलणंच पोचत नव्हतं. तो रुसलेला नव्हता. त्याला वाटत असेल, लेक आताशा नुसते ओठ हलवते.

साहेबांना सांगून लवकर निघाले. बाबांच्या उजवीकडे, अगदी जवळ बसले आणि ६ ऑक्टोबरपासूनचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. अकरा तास म्हणताच ते म्हणाले, "अरे वा! कधी झालं हे?"

उद्या चष्मेवाला त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेणार. याला ऑक्टोबरपासून माहीत होतं, आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. बहिरं कोण होतं कोण जाणे.

शनिवार, १७ जानेवारी

१४. सुट्टी, पण दालन भरलेलं. साहेब टोपी घालून फळ्यासमोर खुर्ची टाकून बसलेत, आज एकही शब्द नाही. धुकं तसंच. हा सातवा दिवस. नववा निघाला तर मी खोटी ठरत नाही, मी आधीच लिहिलंय की नऊ दिवसांना अकरा तास कमी पडतात. पण हे फळ्यासमोर उभ्या माणसांना कोण सांगणार? त्यांना फक्त शून्य दिसेल.

भीती वाटतेय. आणि इतकी जिवंत मी कधी नव्हते, हेही खरं.

रविवार, १८ जानेवारी

सकाळी नऊला ७. दहाला ६. बाबाही आले होते, कानात डॉक्टरांनी तात्पुरतं दिलेलं यंत्र, प्रत्येक खुर्चीच्या कुरकुरीला दचकत. अकराला फोन वाजला. लिफ्टवाल्यानं उचलला, नुसताच ऐकत राहिला, आणि मग फोन आमच्या दिशेनं धरला. भट्टींचा आवाज सगळ्या दालनात घुमला:

"तिरका! तिरका झाला हो! धूर तिरका झाला!"

काय ओरडली माणसं! रांगेतले आजोबा माझे हात धरून हलवत होते. साडेअकराला चक्क्या फिरल्या, बाराला धुक्यातून ऊन आलं. दुपारी एक वाजता मी फळ्यावर वर जाणारा पहिला आकडा लिहिला, ६ च्या जागी ७, आणि टाळ्या पडल्या. जगात कुठेही नसलेल्या पाण्यासाठी! साहेबांनी टोपी काढून हवेत उडवली. खरंच. ती पंख्यावर अडकलीय, अजून तिथेच आहे.

मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "पहिल्या दिवशीच माहीत होतं मला, जमणार तुम्हाला." सात शब्द. आणि मी साडेतीन महिने समजत होते की यांना मी आवडत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

बैठकीत एकमतानं मंजूर. खाण होणार. तोवर एक संच सज्ज राहणार, भट्टी आणि त्यांची माणसं पंप चालवायला शिकणार.

दुपारी साहेब आम्हाला गाडीनं खाणीवर घेऊन गेले. बाबा कठड्याशी उभे राहून खाली बघत होते. कोरडा, पांढरा, प्रचंड खड्डा. तळाशी दोन झुडपं.

"खोली किती?" बाबांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस मीटर."

"त्या नऊ दिवसांच्या वर्षी किती तास कमी पडले होते?"

"अकरा."

"काठाला बांध घालून दोन मीटर उंची वाढवली तर?"

तिथल्या तिथे पाकिटाच्या पाठीवर हिशोब केला. "नऊ तास वाढतात."

बाबांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"मग तीन मीटर लिहा," बाबा म्हणाले.